पंख्यांची उफणणी

शिवरंजनी : अप्पा, मी कॉम्प्युटरसाठी ह्या दोन पंख्यांतला एक निवडायला बोलावलं. तुम्ही तुरीचं भुसकट कशाला आणलंत?

विरुपाक्ष : मग वारं काय फूटपट्टीनं मोजू? उफणताना भुसकट जेवढं लांब, तेवढं वारं चांगलं. लाव आधी काळा पंखा.

शिवरंजनी : चेष्टा नको हां. आत्या म्हणालीय, दुपारी परत घर्रर्र झालं तर कॉम्प्युटर गोठ्यात. गोठ्यात बसून मी कार्टून करणार न्हाय. सरळ पुण्याला जाईन. कंपनी बोलावतीच आहे.

विरुपाक्ष : पुण्याचं नाव काढू नगंस. लाव म्हटलं ना!... अब्बब! पार कपाटावर गेलं की! हाच घे.

शिवरंजनी : मोकळ्यावर कुणीपण पळेल. ह्याला रेडिएटरच्या बारीक जाळीतून वारं ढकलायचंय.

विरुपाक्ष : रेडिएटर? ह्यात पाणी बी फिरतंय? ट्रॅक्टरावानी?

शिवरंजनी : व्हय.

विरुपाक्ष : हे आधी सांगायचं न्हाय का! तीस वर्षं ट्रॅक्टर हाकलाय म्या. पिठाची चाळण आण. हां, धर पंख्याम्होरं. भुसकट पलीकडं ठेव.

शिवरंजनी : काळ्यानं हललंसुद्धा न्हाय.

विरुपाक्ष : कसं हलंल? वारं सगळं उलटं माझ्या तोंडावर! आता पांढरा... उडालं! लेकरू गुणाचं हाय हे.

शिवरंजनी : आता आवाज. थांबा, मोबाईलवर मोजते.

विरुपाक्ष : मोबाईल कशाला? आत अक्का झोपलीय की. मांजर चाललं तरी जागी होती.

(दोघं चोरपावलांनी माजघरात. पलंगावर शांताक्का, विरुपाक्षची थोरली बहीण. हिच्या दुपारच्या झोपेला मुरूम गावचे पाहुणेसुद्धा टरकून असतात. घोरतेय मात्र अगदी तालात.)

शिवरंजनी : काळा लावते... अगं बाई, घोरणं थांबलं!

विरुपाक्ष : बंद कर! बंद कर!

शिवरंजनी : परत सुरू झालं. आता पांढरा... घोरतीय. अप्पा, अजून घोरतीय!

शांताक्का : पांढराच बसवा.

शिवरंजनी : आत्या! तू जागी?

शांताक्का : बाहेर भुसकट उडवलंत तवापासनं. आता झाडणार कोण ते?

विरुपाक्ष : आन् मग घोरत का होतीस?

शांताक्का : काळ्याला थांबले, पांढऱ्याला घोरले. एवढं केल्याबिगर तुझ्या टाळक्यात शिरलं असतं का?

शिवरंजनी : म्हणजे कॉम्प्युटर गोठ्यात न्हाय?

शांताक्का : म्हशीनं काय पाप केलंय? ऱ्हाऊ दे हितंच.

शिवरंजनी : मग महिनाभर रोज ओरडत होतीस ते?

शांताक्का : ओरडलं की चहा घेऊन उशाशी येऊन बसतीस. पुण्याला गेलीस तर म्या ओरडू कुणावर?