पाच फूट अकरा

वहिनी : खुर्ची नको सरकवूस, मी बसायला आलेले नाही. शिंपीणबाईंना फोन तू केलास की नाही, एवढंच सांग.

नणंद : वहिनी, अगं भर दुपारी दुकान बंद करून... पाणी तरी घे आधी.

वहिनी : ठके, पाणी पुढे करून विषय बदलायची खोड तुझ्या आईची. तू नको शिकूस. केलास ना?

नणंद : हो. केला.

वहिनी : सकाळी चष्म्याची काच बदलायला आल्या बाई. डोळे हे एवढे सुजलेले. मला वाटलं डोळे आलेत. तर म्हणाल्या, पोरगा सापडला. इतक्या वर्षांनी. बेवारस म्हणून कुठेतरी पुरून टाकला होता. तुमच्या नणंदेच्या ऑफिसातून फोन आला. आणि वर मलाच धीर देत होत्या, तुमच्याही घरी येईल हो फोन. मी काच कुठल्या नंबरची बसवून दिली देव जाणे.

नणंद : मी येणारच होते तुझ्याकडे.

वहिनी : कधी? बाई म्हणाल्या, उंचीच्या हिशेबात चूक होती, उंच माणसं सगळी राहून गेली होती. त्यांचा पोरगा उंच होता. आपल्या घरात उंच कोण होतं गं?

नणंद : हळू बोल ना. पलीकडे साहेब बसलेत.

वहिनी : बसू देत. आठ वर्षं हळूच बोलतेय मी.

नणंद : बस. सांगते. सगळं सांगते, पण बसून ऐक.

वहिनी : बसले. बोल.

नणंद : दादाचा प्रोग्राम काय करतो ते तुला माहितीये. एका बाजूला बेपत्ता माणसं, दुसऱ्या बाजूला ठिकठिकाणच्या इस्पितळांतले बेवारस मृतदेह. वय, उंची, दात, जुनी मोडलेली हाडं. जुळलं की नाव वर येतं.

वहिनी : लग्न झाल्यापासून ऐकलंय ते. प्रोग्राम लिहायची ती पर्ल भाषा, जेवताना पर्ल, झोपताना पर्ल. सवत होती ती माझी. पुढे?

नणंद : आता मशीन बदलायचंय. साहेब म्हणाले, प्रोग्रामला हात लावायच्या आधी टेस्ट नीट लिहून काढ. टेस्ट म्हणजे... प्रोग्रामला आपल्याला उत्तर माहीत असलेला प्रश्न विचारायचा, आणि तो तेच उत्तर देतो का बघायचं. दादाने लिहिलेल्या टेस्ट होत्याच. रोज सकाळी आपोआप चालायच्या, सगळ्या पास. म्हणून त्यांच्याकडे कोणी बघतच नव्हतं. पास झालेल्या पोराची वही कोण उघडतं?

वहिनी : तू उघडलीस.

नणंद : मला नव्या लिहायच्या होत्या, म्हणून. आणि बघते तर... आता हे कसं सांगू तुला. टेस्ट लिहायचे दोन हुकूम आहेत, ओके आणि इज. इजला दोन आकडे द्यायचे, मिळालेला आणि हवा असलेला. दोन्ही सारखे असतील तरच पास. ओके फक्त पहिला बघतं. काहीतरी आलं ना, शून्य नाही ना, मग पास. दुसरा आकडा दिला तर तो नुसता शेजारी छापून टाकतं, नाव म्हणून.

वहिनी : म्हणजे मी गिऱ्हाइकाला खालची ओळ वाचून दाखवा म्हणते ते तुझं इज. आणि नुसतं 'दिसतंय का' विचारलं तर ते ओके.

नणंद : अगदी तेच.

वहिनी : 'दिसतंय का' विचारलं तर सगळेच हो म्हणतात. आंधळासुद्धा म्हणेल, भिडेखातर.

नणंद : दादाने इजच्या जागी ओके लिहिलं. घाईत झालं असेल. आणि पडद्यावर काय यायचं, तर ओके, आणि पुढे एकशे ऐंशी. पाहिजे तोच आकडा, डोळ्यांसमोर! कोणाला शंका येणार? मीच किती वेळा बघितलंय ते. प्रोग्राम आतून वेगळंच काही म्हणत होता, ते कोणी विचारलंच नाही.

वहिनी : काय म्हणत होता?

नणंद : लोक उंची कशी सांगतात? पाच अकरा. मग कारकून टाइप करतो पाच, टिंब, अकरा. प्रोग्राम त्याला सरळ दशांश समजतो. पाच फूट आणि वर एक दशमांश. म्हणजे पाच फूट एक इंच, फार तर.

वहिनी : थांब. तुझा दादा पाच फूट एक इंच?

नणंद : एकशे पंचावन्न सेंटिमीटर.

वहिनी : माझ्यापेक्षा बुटका! अगं बाई... स्वयंपाकघराच्या चौकटीवर कपाळ आपटून घ्यायचा रोज. हसू नाही तर काय करू? आणि बाकीचे कसे सापडत होते मग?

नणंद : पाच सात, पाच आठ असेल तर फरक पडतो तो इंच-दोन इंचांचा. तेवढी सूट ठेवलेली आहे. फक्त दहा आणि अकरावाले एकदम खाली येतात. पाच दहा म्हणजे त्याला पाच पॉइंट एक. सगळे उंच लोक बुटके होऊन बसले होते, आणि आम्ही त्यांना बुटक्या मृतदेहांत शोधत होतो.

वहिनी : आणि आई रोज म्हणतात, एवढा ताडमाड माणूस हरवतो कसा.

नणंद : नको ना.

वहिनी : का नको? मला रोज ऐकावं लागतं. ती टेस्ट कोणाच्या उंचीची होती?

नणंद : कुठली?

वहिनी : एकशे ऐंशी म्हणालीस आत्ता. पाच अकराचे एकशे ऐंशी. कोणाचे?

नणंद : त्याचेच. उदाहरण द्यायचं म्हटलं की माणसाला आधी स्वतःचंच माप सुचतं. तेव्हा मी नुकतीच शिकायला यायला लागले होते त्याच्याकडे. मला हाक मारून म्हणाला, ठके, ये बघ, मी पास झालो. मी टाळ्या वाजवल्या, वहिनी. खरंच टाळ्या वाजवल्या.

वहिनी : ...पाणी तूच पी.

नणंद : गेल्या आठवड्यात ओके खोडून इज लिहिलं. चालवलं. पहिलीच ओळ लाल. मिळाले एकशे पंचावन्न, हवे होते एकशे ऐंशी. मला आधी वाटलं माझंच काहीतरी चुकलं. दोनदा, तीनदा चालवून बघितलं. मग प्रोग्राम दुरुस्त केला, आणि सगळ्या उंच लोकांच्या नोंदी पुन्हा जुळवायला घेतल्या. रोज फोन करतेय. एकजण म्हणाला, चुकीचा नंबर लागलाय, मला भाऊच नाही. आणि तासाभराने त्यानेच फोन केला, कुठे आहे म्हणून विचारायला.

वहिनी : सगळ्या नोंदी?

नणंद : हो.

वहिनी : ठके. माझ्याकडे बघ.

नणंद : एक सोडून.

वहिनी : सोडून म्हणजे कशी? विसरलीस?

नणंद : विसरेन का? मुद्दाम सोडली. तो क्रमांक आला की पुढे जा, असं लिहून ठेवलंय.

वहिनी : कोणी दिला तुला हा अधिकार? बायको मी आहे त्याची. बेपत्ता म्हणून नोंदवायला मी गेले होते, उंची मी सांगितली होती, पाच अकरा, माझ्या तोंडाने. तुम्ही सगळी घरात बसून होतात, येईल आज ना उद्या म्हणून.

नणंद : आईसाठी सोडली. मी घरी पोचले की ती विचारते, आज काही? मी म्हणते, काही नाही. आणि ते खरं असतं, वहिनी! त्या 'काही नाही'वर दोन घास खाते ती. एकदा हे चालवलं की ते मला कधीच म्हणता येणार नाही. तोंड बघूनच ओळखेल ती.

वहिनी : आणि मी कशावर जगते ते विचारलंस कधी?

नणंद : तुलाही तो येईल असं वाटतंच ना?

वहिनी : नाही वाटत. लहान पोर आहेस का तू? त्या दिवशी सकाळी आम्ही भांडलो. गळक्या नळावरून. आईंनी भिंतीपलीकडून ऐकलं. तो निघाला, परगावच्या इस्पितळात प्रोग्राम बसवायला, आणि जाताना म्हणाला, कंटाळा आला या घराचा. एवढंच. दुपारी तिथलं काम संपवून फाटकातून बाहेर पडला, वॉचमनने बघितलं, आणि पुढे काही नाही. तेव्हापासून आई माझ्याशी बोलतात ते पोळी वाढू का, दार लावू का, एवढंच. एकदासुद्धा म्हणाल्या नाहीत की तुझ्यामुळे गेला. म्हणाल्या असत्या तर भांडता तरी आलं असतं.

नणंद : आई असं नाही समजत.

वहिनी : समजतात. तूही समजतेस. मीसुद्धा समजते, खोटं कशाला बोलू! आठ वर्षं एकच विचार करतेय. हा माणूस मला सोडून गेला, की मेला? आणि खरं सांगू, लाज वाटते सांगायला, मेला असला तर बरं असं वाटतं. मेला असेल तर निदान सोडून तरी गेला नाही. असं वाटून घेणारी बाई आहे मी. पोरीला शाळेत विचारतात, तुझे बाबा काय करतात? ती म्हणते, माझे बाबा खूप उंच आहेत. तिच्याकडे दुसरं उत्तरच नाही.

नणंद : तसं म्हणते ती? मला कधी बोलली नाही.

वहिनी : तुला कशी बोलेल? तू आत्या. तुझ्याकडे ती खेळायला येते. चालव ते.

नणंद : काहीच जुळलं नाही तर?

वहिनी : मग मला कळेल की तो कुठेतरी मजेत आहे. मग मी त्याला मनसोक्त शिव्या देईन आणि पोरीला घेऊन वेगळी राहीन. तेही चालेल. पण हे असं लटकत नाही राहायचं मला आता.

नणंद : आणि जुळलं तर?

वहिनी : जुळलं तर जुळलं. तो क्रमांक सोड म्हणून लिहिलंयस ती ओळ खोड. माझ्यादेखत खोड.

नणंद : खोडली.

वहिनी : बटण कुठलं? हे?

नणंद : राहू दे, मी दाबते.

वहिनी : नको. तुझ्या हातून नको. आई तुला विचारतील, तू दाबलंस का म्हणून. हे ना?

नणंद : हो. ते मोठं.

(बटणाचा आवाज.)

वहिनी : काय आलंय? ही अक्षरं बारीक आहेत.

नणंद : एक.

वहिनी : एक काय?

नणंद : एक जुळणी. पुरुष, वय पस्तीस ते चाळीस. उंची एकशे ऐंशी. खालची उजवी दाढ काढलेली. डाव्या खांद्याचं हाड लहानपणी मोडून जुळलेलं... आंब्याच्या झाडावरून पडला होता तो. माझ्याच हट्टापायी चढला होता. वहिनी, दादाच आहे गं हा.

वहिनी : रडू नकोस. नंतर रड. तारीख बघ.

नणंद : तारीख... त्याच दिवसाची आहे.

वहिनी : त्याच दिवसाची म्हणजे?

नणंद : ज्या दिवशी गेला त्याच दिवशीची. रात्री साडेआठला. मधल्या जिल्ह्याच्या इस्पितळात नेलं होतं. तू पोलिसांत गेलीस त्याच्याही आधी... आणि इथे दोनच महिन्यांत नोंद आली होती. त्याच्याच प्रोग्राममध्ये. रोज सकाळी प्रोग्राम त्याला बघायचा आणि हा नाही म्हणून बाजूला टाकायचा. आम्ही त्या याद्या हाताने कधी चाळल्याच नाहीत, कशाला चाळा, दादाचा प्रोग्राम आहे ना! किती वर्षं, वहिनी...

वहिनी : कशाने गेला? वाच. मला वाचता येत नाहीये.

नणंद : ट्रकची धडक. हायवेवर. चेहरा ओळखण्याजोगा नव्हता. खिशात पाकीट नाही, फोन नाही. कोणीतरी काढून घेतलं असणार.

वहिनी : हायवेवर काय करत होता तो? कुठल्या बाजूला?

नणंद : थांब, खाली शेरा आहे पोलिसांचा. बस बंद पडली. बाकीचे प्रवासी दुसऱ्या बसची वाट बघत थांबले. हा इसम थांबला नाही, उतरून चालत निघाला.

वहिनी : कुठे निघाला? ठके, कुठे निघाला ते लिहिलंय का?

नणंद : लिहिलंय. आपल्या शहराच्या दिशेने. प्रवाशांनी सांगितलं म्हणे, घरी लवकर पोचायचंय असं म्हणत होता.

वहिनी : पुन्हा वाच.

नणंद : घरी लवकर पोचायचंय असं म्हणत होता.

वहिनी : घरी.

नणंद : वहिनी, इकडे ये. अशी उभी नको राहूस. माझ्याजवळ बस. आईला काय सांगू गं मी? आज घरी गेले की विचारेल, आज काही? काय सांगू?

वहिनी : आधी सांग की तो घरी यायला निघाला होता. गेला, हे मग सांग.