डेअरीच्या फायलीचा ठसा

१९ नोव्हेंबर, बुधवार. सकाळी धुकं, दुपारी कोरडं ऊन. शिवाजी पेठेतल्या आपल्या कॉम्प्युटरच्या दुकानात संयोगिता तिथल्या बायकांच्या 'मी आलो, मी गेलो' अशा बोलीत बोलत होती. समोर दूध डेअरीचे चेअरमन आण्णा.

"—अवो, उठताय कुठं, बसा की! जुळला म्हणतोय न्हवं मी, जुळला! काय जुळला? ठसा, फायलीचा ठसा! माणसाच्या अंगठ्याला असतोय तसा प्रत्येक फायलीला असतोय — चौसष्ट अक्षरांचा. कंपनीनं दूध मोजायच्या काट्याचं नवं सॉफ्टवेअर धाडलं, संगट त्याचा ठसाबी धाडला. डेअरीतल्या कॉम्प्युटरनं फायलीचा ठसा काढला, तो येगळाच आला, म्हणून त्यानं ती घेतलीच न्हाय. आणि तुमी काय केलासा? डेअरीत कॉम्प्युटरवर बसणाऱ्या स्वप्नालीनंच फायलीत कायतरी घुसडलं म्हणून पोरीला घरी बसवलासा! — थांबा, हसू दे मला आधी. मी कंपनीकडनं तीच फाईल परत मागवली, दोन्ही शेजारी-शेजारी उघडल्या. ओळ न् ओळ सारखी! मग फरक कुठं? पार वर, पहिल्याच ओळीत — श्री! व्हय, श्री! वही न्हवं, पत्रिका न्हवं, सॉफ्टवेअरच्या डोक्यावर श्री! येवढं एक अक्षर वाढलं की आख्खा ठसा बदलतोय. मी ती ओळ पुसली, परत ठसा काढला — चौसष्टच्या चौसष्ट! उडीच मारली मी खुर्चीतनं, गुडघा टेबलाला बडावला, हे बघा, सुजलाय. आता फाईल उघडून श्री लिवलं कुणी? डेअरीत नव्या कामाला हात लावायच्या आधी श्री कोण काढतंय? पावतीबुकावर कोण, काट्यावर कोण, फ्रीजच्या दारावर खडूनं कोण? स्वप्नाली? ती तर — आण्णा, कान लाल झालं की तुमचं! असू दे, असू दे, भक्तीनंच केलासा. पण तिला आजच बोलवा. माझी होणारी सून लबाड ठरून घरात बसल्याली मला — अरं देवा. बोलून गेलो की. तिच्या घरात अजून ठावं न्हाय, आमच्या सौमित्रनं शपथ घातलीया मला... न्हाय, न्हाय, म्हणून बाजू घेतली न्हाय मी! ठशाला नातं कळतंय व्हय? वाटलं तर दुसऱ्या कुणाकडनं काढून बघा, हाच येणार. हसताय काय? चहा ऱ्हाऊ दे आता. फोन करा तिला, बरोबर केलेल्या फायलीचा हा पेनड्राइव्ह उचला आणि निघा बघू."

आण्णांनी दुकानातूनच फोन केला. संध्याकाळच्या दूध संकलनाला स्वप्नाली कामावर हजर झाली.