तांबेऱ्याचा पट्टा

नाई मॅडम, चहा घ्या तुमी, चहावर माहा राग नाई. माहा राग तुमच्या त्या पट्ट्यावर हाय. सारा गहू हिरवागार अन् मधात तो एकच बिनफवारणीचा पट्टा, रोग पोसाले ठेवलेला — तांबेरा वाऱ्यानं कसा पसरते ते तुमाले मोजाचं, समजलं मले, पिंकीच्या बाबानं वावर देल्लं तवा तुमी सांगतलंच होतं. पन ते पायलं का शिसारी येते. पानाले बोट लावलं का नारिंगी भुकटी, साडीले भुकटी, वासराच्या नाकाले भुकटी — अन् तुमी येता, भिंग लावता अन् खूश होता. रोग वाढला म्हनून खूश होनारं मानूस म्या पयल्यांदाच पायलं. वावर रोडावर, चांदूर बाजारले जानारा जो तो इचारते, काहून वो कौशल्याबाई, फवारा माराचं भुलले काय? कोनाकोनाले सांगत बसू, का हा रोग मुद्दाम पोसला हाय म्हनून?

तेही जाऊ द्या. परवा पिंकीले पाह्याले बार्शीटाकळीचे पाहुणे आल्ते. पोराचा बाप पांढऱ्याफेक कपड्यात. पोहे झाले, पोरगी पाहून झाली, तं म्हने आता वावर पाहू. वावर पाह्याले आला का पोरगी? — पन म्या म्हटलं, पाहू द्या. पिंकीच घेऊन गेली. भर दुपारी, वारा सुटलेला, नेमकी त्या पट्ट्यातून. वापस आले तं बापाचा पायजमा नारिंगी, पोराचे बूट नारिंगी. आंगनात पाय आपटत तो मानूस म्हने, "ज्याईच्यानं गहू नीट ठेवनं होत नाई, त्याईनं पोरीले काय वळण लावलं असन?" माह्याच आंगनात, माहेच पोहे खाऊन. अशी किळस आली ना मले त्याची, तुमच्या भुकटीची बी तेवढी नाई आली. अन् पोरगा? मान खाली घालून बूट पुसून राहिला होता. मोडली सोयरीक. अन् आता रविवारी अकोल्याचे येऊन राहिले, म्हनून सांगून राहिली तुमाले — तो पट्टा उद्याच्या उद्या उपटा, नाईतं पिंकीचे बाबा पंप घेऊन तयारच हायेत.

पिंकी काय म्हनते? तिले काय इचारता, तिले तं तुमच्यापेक्षा जास्त पुळका त्या पट्ट्याचा. तुमच्यासंगं पानं मोजू लागली तवापासून घरात तिचेच नियम — आंधी चांगल्या गव्हात जा, रोगाच्या पट्ट्यात सगळ्यात शेवटी, अन् वारा सुटला तं तिकडं पायच ठेवू नका, कपड्याले लागते. बाप एकडाव वाऱ्याचा तिथून गेला तं केवढी खेकसली त्याच्यावर. सोता तं कधीच वाऱ्याची तिकडं —

थांबा जरा.

बांधावरून चांगली वाट होती. अन् पिंकी त्याईले पट्ट्यातून घेऊन गेली... हसू नका मॅडम. तुमाले माईत होतं? नका सांगू, मले ऐकाचंच नाई. अवो, मले म्हनाव ना पोरीनं, का नाई पायजे म्हनून. — म्हटलं होतं म्हना. त्या दिवशी सकाळी पोहे भिजवत होती मी, तवा म्हने, आई, मले पुढं शिकाचं हाय. अन् म्या म्हटलं, कांदा चीर.

जा तुमी, ऊन व्हाच्या आंधी काम उरका. अन् तो पट्टा — राहू द्या तो. रविवारपर्यंत तं राहूच द्या. जा आता.