तीन पिढ्यांचे कारागीर

दातांच्या दवाखान्यात पुढच्या बाकावर नवरा-बायकोची जुंपली होती. मागच्या मावशींनी मासिक उघडलं, पण कान तिकडेच.

“मी इस्त्रीचा शर्ट घालून पाठवलं होतं. या जाहिरातीतल्या फोटोत तुमच्या अंगावर हा मळका कुठला?”

“कंपनीनंच दिला. परदेशात मोटारसायकली खपवायच्यात, कारखाना जुना दिसायला हवा म्हणे.”

“आणि हातात हातोडा? दिवसभर कॉम्प्युटरसमोर बसता ना?”

“हळू बोल.”

“तोंडाला काळं फासून घेतलंत!”

“ग्रीस आहे ते.”

“आणि खाली काय छापलंय? ‘तीन पिढ्यांचे कारागीर’! संप केला म्हणून याच कंपनीनं तुमच्या बाबांना हाकलून दिलं होतं. विसरलात?”

“नाही.”

“मग फोटोत दात काढून हसताय कशाला?”

“हसा म्हणाले.”