नम्रताचा आकडा

जळणं म्हणजे काय, ते मला माजिवड्याच्या आमच्या छोट्या कंपनीत कळलं. काम एकच होतं, एलईडीचा उजेड केसासारख्या बारीक काचेच्या तंतूत, म्हणजे फायबरमध्ये, घालायचा. पण हा उजेड चहूकडे फाकतो, आत जातो जेमतेम. तीन आठवडे मी लेन्स पुढेमागे करत बसलेलो, तरी पलीकडे पोचलेला उजेड मोजणाऱ्या मीटरचा आकडा हलेना. आणि आंबिवलीहून येणारी नवीन मुलगी, नम्रता, तिचा आकडा माझ्या चौपट! साहेब सगळ्यांसमोर तिचं कौतुक करायचे आणि मला डबा गोड लागायचा नाही.

एका दुपारी ती जेवायला गेल्यावर मी गुपचूप तिच्या टेबलावर वाकलो. कोपर लागून फायबर हललं आणि तिचा आकडा थेट शून्यावर. तेवढ्यात ती मागे उभी.

"काय शोधताय, सर?"

"तुझी लेन्स," मी खरं ते बोलून टाकलं.

"लेन्स नाहीच आहे. एलईडीची वरची टोपी घासून काढली आणि फायबर आतल्या उजेड देणाऱ्या चिपच्या अगदी जवळ आणलं. अहो, विचारायचं ना!"

न रागावता तिने मला सगळं शिकवलं. दोन दिवसांत माझा आकडा तिच्या पुढे गेला. त्या दिवशी तिने डबा अर्धाच खाऊन बंद केला आणि माझ्याकडे न बघता टेबलावर जाऊन बसली.

खरं सांगतो, इतकं बरं मला कधीच वाटलं नव्हतं.