गाडीला काही झालं नव्हतं

नाही, पण मला एक सांगा, रस्त्याच्या कडेला बॉनेट उघडून उभ्या असलेल्या गाडीत माणूस स्वतःच्या मनाविषयी बोलत असेल, अशी शंका तरी कुणाला येईल का? येऊ नये, म्हणूनच तर मी ते उघडलं होतं! गाडीला काही झालं नव्हतं. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे जे घडलं त्यात गाडीचा काडीचाही दोष नाही.

तुम्हाला सांगतो, मी अर्लिन. नॉर्थ डकोटात, गहू आणि वारा यांखेरीज काहीही नसलेल्या गावात जन्मलो, इथल्याच चर्चच्या मंडळाचा अध्यक्ष आहे, रविवारी मुलांकडून बायबलातल्या दहा आज्ञा पाठ करून घेतो, आणि खोटं बोलू नये ही तर दोनदा घेतो. मधलं एक वर्ष इराकमध्ये गेलं, रस्त्यात पुरलेले बाँब शोधणाऱ्या तुकडीत. परत आलो, गहू पेरला, देवाचे आभार मानले, झालं. म्हणजे, झालं असं मला वाटत होतं... पण मी झोपेत ओरडतो म्हणे! आर्डिसनं, माझ्या पत्नीनं, ते वर्षानुवर्षं ऐकलं आणि यंदा हिवाळ्याच्या तोंडावर बॅग भरून ती लेकीकडे बिस्मार्कला निघून गेली. दारातून म्हणाली, "अर्लिन, प्रार्थना तू करतोसच, ती कर. पण दर मंगळवारी त्या डॉक्टरबाईंशीही बोल. खरं बोललास तर परत येईन. 'मी ठीक आहे' म्हणून फोन ठेवलास तर मला कळेल. त्यांना विचारायची गरज नाही, तुझ्या आवाजावरून कळेल."

आता माजी सैनिकांचा दवाखाना कुठल्या कुठे, म्हणून डॉक्टरबाई भेटतात त्या फोनच्या पडद्यावर. उत्तम सोय! पण पडद्याला रेंज लागते की नाही? आमचं घर ओढ्याच्या खोलगटात, तिथे डॉक्टरबाई दिसतात त्या तोंड अर्धं उघडून गोठलेल्या. चर्चच्या तळघरात इंटरनेट आहे, पण मंगळवारी तिथे आमच्या चर्चमधली वांडा आणि तिच्या मैत्रिणी नाताळासाठी बटाट्याच्या पोळ्या लाटतात, आणि वांडासमोर मन उघडायचं तर सरळ रेडिओवरच का उघडू नये? उरला गावाबाहेरचा उंचवटा. तिथे रेंज भरपूर. पण माझी पिकअप आंधळासुद्धा ओळखेल! 'हा इथे रिकामा काय बसलाय?' असं कुणी म्हणू नये म्हणून मी बॉनेट उघडलं. चेहराही झाकला गेला, कारणही मिळालं. केवढी अक्कल!

आणि साठी गाठलेला, इथेच जन्मलेला हा शहाणा माणूस एकच गोष्ट विसरला. आमच्याकडे हिवाळ्यात उघड्या बॉनेटची गाडी दिसली की तिला ओलांडून कुणीही जात नाही. कुणीही! थंडीत माणूस मरतो हो. वैर असलं तरी थांबतात, गाडी सुरू करून देतात आणि मग वैर पुढे चालू ठेवतात.

मी "नमस्कार, डॉक्टरबाई" म्हणतोय तोवर डेलमर हजर. डेलमर म्हणजे शेजारचा शेतकरी, बोलणं कमी, हत्यारं फार.

"बॅटरी गेली का रे?"

"नाही, काही नाही."

"काही नाही म्हणून बॉनेट उघडलंस?"

"ऑइल बघत होतो."

"गाडीत बसून?" म्हणाला, आणि डोकं घातलं की इंजिनात! गाडीला काही झालं नव्हतं! तोवर चर्चमधून परतणारी वांडा आली, एका हातात कॉफीचा थर्मास, दुसऱ्यात पोळ्यांचा डबा. "अर्लिन, आर्डिस घरी नाही, तू जेवतोस तरी का? रंग बघ कसा झालाय! डेलमर, सरक, मला बघू दे." तिनंही डोकं घातलं. मी फोन घाईघाईनं टोपीखाली दडवला. पण माझा डावा कान इराकमध्येच राहिला, म्हणून फोनचा आवाज मी गाडीच्या स्पीकरला जोडलेला, तोही पूर्ण मोठा करून, आणि काच खाली... आणि डॉक्टरबाईंना, त्या बिचारीला, वाटलं की माझा कंठ दाटून आला आहे.

"घाई नाही, अर्लिन," साऱ्या माळावर आवाज घुमला. "आपण त्या स्वप्नात पुन्हा जाऊ. रस्त्याच्या कडेला ती गाडी उभी आहे, बॉनेट उघडं आहे, तो माणूस हात करतो आहे, मागे लहान मूल आहे. तुमच्या ताफ्याला थांबायची मनाई आहे. तुम्ही पुढे निघून जाता. तेव्हा तुम्हाला काय वाटतं?"

माझ्या उघड्या बॉनेटखाली दोन डोकी जागच्या जागी थिजली. धरणीनं पोटात घ्यावं असं झालं, पण आमच्याकडची धरणी नोव्हेंबरात गोठते, एप्रिलपर्यंत ती कुणालाच घेत नाही!

डेलमरनं ऑइल मोजायची पट्टी काढली, पुसली, घातली, पुन्हा काढली, पुन्हा पुसली. "ऑइल चांगलं आहे," म्हणाला. वांडा म्हणाली, "पोळ्या सीटवर ठेवते. साखर लावली आहे." आणि दोघं गेली. मी डॉक्टरबाईंना म्हणालो, "मी ठीक आहे." आणि फोन ठेवला.

रविवारी चर्चमध्ये गेलो. सगळ्यांनी माझा हात नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ धरला आणि विचारलं, "गाडी कशी आहे?" सांगा, देवाच्या घरात उभं राहून काय उत्तर द्यावं? गाडीला काही झालं नव्हतं! "बरी आहे," म्हणालो. मान वर होईना.

पुढच्या मंगळवारी पुन्हा गेलो, बॉनेट उघडलं. वांडाची गाडी आली. वांडा नाकासमोर बघत निघून गेली! गावानं आपसांत ठरवलं असणार, त्याला बोलू द्या, थांबू नका. किती समजूतदारपणा! आणि मी उघड्या बॉनेटमागे बसून निघून जाणाऱ्या गाडीकडे बघत होतो... तुम्हाला सांगतो, त्या रस्त्यावरच्या माणसाला काय वाटलं असेल, ते मला तेव्हा कळलं. डॉक्टरबाई म्हणत होत्या, "अर्लिन? अर्लिन?" तेवढ्यात डेलमर आला, वेग कमी केला, स्टीअरिंगवरचं एक बोट उचलून रामराम केला, आणि तोही पुढे! मी दार उघडून उडी मारली, रस्त्याच्या मधोमध उभा राहून दोन्ही हात हलवले. मी! चर्चच्या मंडळाचा अध्यक्ष!

तो गाडी मागे घेत आला, उतरला, इंजिन नीट पाहिलं. "अर्लिन, गाडीला काही झालेलं नाही."

"माहीत आहे."

"मग?"

"तू नुसता थांब."

त्यानं कोटाची चेन गळ्यापर्यंत ओढली, डोकं इंजिनात घातलं आणि थांबला. मी आत बसलो आणि डॉक्टरबाईंना पहिल्यांदा खरं उत्तर दिलं. काय दिलं, ते मला, त्यांना आणि परमेश्वरालाच ठाऊक... आणि डेलमरला, कारण आवाज कमी करायचं मी पुन्हा विसरलो!

आर्डिस फोनवर म्हणाली, "आवाज बरा वाटतोय. नाताळला येते. राहायचं का ते आल्यावर बघू."

तेव्हापासून दर मंगळवारी मी उंचवट्यावर जाऊन बॉनेट उघडतो. खोटेपणाच आहे, मान्य, रविवारी मुलांकडून ती आज्ञा आता एकदाच म्हणवून घेतो. पण करू काय? गाडीला काही झालेलं नाही हे मला माहीत आहे, डेलमरला माहीत आहे, गावाला माहीत आहे. पण काही बिघडल्याशिवाय कुणाजवळ थांबायचं कसं, हे आम्हाला कुणी शिकवलंच नाही हो... तेव्हा उघडतो, आणि तो बिचारा थंडीत पट्टी पुसत उभा राहतो. इतकं पुसलेलं इंजिन साऱ्या डकोटात नसेल!