शेवटच्या नमस्कारानंतर

— चपला बाहेर. बाहेर म्हणजे दाराबाहेर, पायपुसण्यावर नव्हे. हं, आता बसा. त्या खुर्चीवर नको, ती माझ्या धाकट्याची आहे, उशी जरा सरकलेली असली तरी त्याला कळतं. स्टुलावर बसा आणि काय तो तुमचा टीव्हीचा डबा बघा. सकाळपासून फोन लावतेय तुमच्या कंपनीला. आधी एक दाबा, मग चार दाबा, मग कुणी तरी बाई गोड गळ्यानं सांगते की तुमचा कॉल आमच्यासाठी मोलाचा आहे — मोलाचा आहे तर उचला की. काय? बिघाड दिसत नाही? दिसणार कसा, बिघाड नाहीच. फोनवर मीच सांगितलं डबा चालत नाही म्हणून. नाहीतर आला असतात का तुम्ही? चांगला ठणठणीत चालतोय, तेच तर दुखणं आहे. मला तो बिघडायला हवाय. तुमच्याकडे दुरुस्तीचे पैसे घेतात, मग बिघडवायचे घेत असाल तर तेही सांगा, पण आज, आत्ता, तो कामावरून यायच्या आत.

असे बघू नका माझ्याकडे, मी वेडी नाही. उघडा, ती यादी उघडा, रेकॉर्डिंगची. बघा. बातम्या. खाली जा. बातम्या. आणखी खाली जा — बातम्याच. एक गाणं नाही, एक मालिका नाही, एक क्रिकेटची मॅच नाही. वर काय लिहिलंय, जागा संपत आली. येणारच ना संपत. शिळ्या बातम्या कोणी साठवतं का? कालचं वर्तमानपत्र आपण कपाटात अंथरतो, आणि हा डब्यात भरून ठेवतो. रोज पाच वाजले की त्या डब्यावर लाल ठिपका लागतो, आपोआप, घरात कुणी असो नसो. मी तेव्हा दुसरं काही बघत असले की पडद्यावर पाटी येते, रेकॉर्डिंग चालू होणार आहे, चॅनल बदलायचा का — आणि मी मुकाट्यानं हो म्हणायचं. असं बजावून ठेवलंय मला. माझ्या घरात, माझ्या टीव्हीवर, मी मुकाट्यानं.

लावा एक. कुठलीही लावा, सगळ्या सारख्याच. हं. हीच. मधली नाही हो, मधली ती बातम्या वाचते, तिच्याशी माझं भांडण नाही. कोपऱ्यातली. त्या चौकोनात काळा सदरा घालून उभी आहे ना, हातवारे करणारी, ती. ऐकू न येणाऱ्यांना खुणांनी सांगते. कोण म्हणजे? बाई आहे एक. मला काय माहीत — माझ्यासारखी? कुठे माझ्यासारखी? नाक. नाक तेवढं माझं आहे, बाकी सगळी बापावर गेलीय, हट्टासकट. थोरली माझी. झालं समाधान? आता ते बंद करा, का बघत बसलाय.

तिचा फोन? येतो की फोन. अधूनमधून. म्हणजे मागे आला होता. तुम्ही डबा बघायला आलात की घर? माझा धाकटा तिकडे छापखान्यात मशीनवर आहे. त्या मशीनचा आवाज एवढा, की बाकीचे कानात बोळे घालून काम करतात आणि संध्याकाळी बायकोवर ओरडतात. ह्याला बोळे लागत नाहीत. मालक म्हणतो असा कामगार नाही मिळणार. हो, जन्मापासून. नाही, मुका म्हणायचं नाही. मुका नाही तो. बोलतो. मी शिकवलंय त्याला. तुम्हाला कल्पना आहे, ज्यानं आवाज कधी ऐकलाच नाही त्याला 'प' कसा शिकवतात? तोंडापुढे कागदाची पट्टी धरायची आणि म्हणायचं 'प'. कागद हलला पाहिजे. 'ब' म्हटलं तर कमी हलला पाहिजे. त्याचा हात माझ्या गळ्यावर, माझा हात त्याच्या गळ्यावर, आणि समोर आरसा, आणि चुलीवरचं करपलं तर करपू दे. एका 'प'साठी अख्खा उन्हाळा गेला माझा. 'पाणी' म्हणाला तेव्हा मी त्याला इतकं पाणी पाजलं की पोरगं ओकलं. आज बाजारात जातो, दुकानदाराला तोंडानं मागतो, लोकांना वाटतं परगावचा असेल. हे कुणी केलं? ह्या चौकोनातल्या बाईनं?

तेव्हाच्या बाईंनी — शाळेतल्या — स्वच्छ सांगितलं होतं मला, घरात खुणा चालू दिल्यात तर हा कधी बोलणार नाही, हाताला सवय लागली की जीभ आळशी होते. मी पाळलं ते. थोरलीनं पाळलं नाही. ही कुठून तरी शिकून यायची, आणि चादरीखाली बॅटरी लावून दोघं भाऊबहीण हातांनी गप्पा मारायची. बाहेरून बघितलं की चादरीत उजेड आणि खुसखुस. त्याचं हसणं ऐकलंय मी चादरीतून, नुसतं हवा सुटल्यासारखं हसतो तो. माझ्याशी शिकताना नाही असा हसला कधी. आणि आता ही जगभर सांगत फिरते, आईनं त्याचे हात बांधले. बांधले नव्हते. मागे धरायला सांगितले होते, शाळेत सांगतात तसे. एकदा फक्त — ओढणी होती, तीही सैल. मनात आणलं असतं तर त्याला सुटता आलं असतं. सुटला नाही. तसाच बसून राहिला माझ्या तोंडाकडे बघत. तुम्ही डब्याकडे बघा, माझ्याकडे काय बघताय.

तर हे असं. ती घरातून गेली ती गेली. मी नाही काढलं. मी एवढंच म्हणाले की एक तर माझ्या पद्धतीनं, नाही तर दार उघडं आहे, आणि तिला दार बरं दिसलं. मग एक दिवस हा बातम्या बघत उभा, हातातला पेला तसाच, आणि मी म्हणतेय अरे काय झालं, काय झालं — माझ्याकडे बघतच नाही, तर ऐकणार कसा. टीव्हीत बहीण. तेव्हापासून हा डबा. आधीचा साधा होता, हा ह्यानं स्वतः जाऊन आणला, साठवणारा. जेवणसुद्धा तिच्यासमोर घेऊन बसतो. घास खाली ठेवतो आणि हात हलवतो, तिला उत्तर दिल्यासारखा. मी बाजूला बसलेली असते. मी काय, भिंत.

बरं, नुसतं तेवढं असतं तर मी काही बोलले नसते, तुम्हालाही बोलावलं नसतं. शेवट लावा. ह्याच बातम्यांचा, शेवट. पुढे पळवा. हां, आता वाचणारी नमस्कार करेल, ही पण करेल. केला. आता हात खाली जाईपर्यंत बघा, चित्र जायच्या आत — बघितलंत? नाही बघितलं. परत लावा. हनुवटीला बोट. बघितलंत आता? माझ्या धाकट्याच्या हनुवटीवर खोक आहे, जिन्यावरून पडला होता. बातम्यांत कुणाच्या हनुवटीचं काय काम? पूर आला, निवडणूक झाली, ह्यात हनुवटी कुठून आली? त्याचं खुणांतलं नाव आहे ते. तिनं ठेवलेलं, चादरीखालचं. आणि मग तो हात — तळवा आपल्याकडे ओढते ना, हा असा — ते समजायला मला कुठल्या शाळेत जायला नको. ये. रोज बोलावते. सरकारी बातम्यांत उभी राहून, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत, माझ्या मुलाला रोज म्हणते ये. आणि तिचा तो साहेब पगार देतो तिला याचा.

मी कशाला चुकीचं समजेन? त्याच्या पलंगाखाली नवी बॅग आहे. नवी. झाडताना केरसुणी अडकली म्हणून कळलं. आत स्वेटर, दाढीचं सामान, आणि त्याच्या लहानपणचा आमचा तिघांचा फोटो. माझ्यासकट. मला घेऊन चाललाय, बघा, फोटोतून. एक शब्द बोलला नाही मला. ज्याला मी शब्द शिकवले तो.

म्हणून म्हणतेय, पुसा सगळं. मी केला होता प्रयत्न, एक एक करून. एक पुसली. तर त्याला लगेच कळलं कुठली गेली ती, आणि दोन दिवस पानावर बसला नाही. तेव्हा आता तुम्ही पुसा, कंपनीच्या हातानं, आणि एक चिठ्ठी लिहून द्या की डबा जळाला, वीज वरखाली झाली, काय ते तुमच्या भाषेत. कंपनीचं लिहिलेलं त्याला खरं वाटतं. — त्याच्या नावावर आहे म्हणजे? असेल त्याच्या नावावर. तो माझ्या नावावर आहे. — मोबाईलवर नंबर येईल आणि तो त्यानं सांगायला हवा? बघा म्हणजे. ज्याला फोनवर ऐकू येत नाही त्याला विचारूनच करणार तुम्ही सगळं, आणि मी इथे समोर धडधडीत बोलतेय तर माझं कुणी ऐकणार नाही.

नंबर न लागता होतं? नुसतं रिमोटवरून? मग सांगा की तसं. हं. 'सर्व रेकॉर्डिंग कायमची पुसायची आहेत का?' कायमची म्हणजे परत येत नाहीत? दुसऱ्या कशात काढून ठेवता येत नाहीत का — नुसती ठेवायला, त्याला न दाखवता? पेनड्राइव्ह का काय म्हणतात ते? नाही? ह्याच डब्यात दिसतात, दुसऱ्या कशाला लावली तर रिकामं दाखवतं. असला कसला हो तुमचा धंदा, माणूस आपलंच ठेवलेलं उचलून नेऊ शकत नाही. द्या तो रिमोट. 'हो'चं बटण कुठलं, डावीकडचं?

तुम्ही काय म्हणालात? मोबाईलवर. आजच्या बातम्या मोबाईलवरही दिसतात. रोज. म्हणजे हे पुसलं तरी उद्या तो छापखान्यात, जेवणाच्या सुट्टीत, खिशातून काढून — मग आधी का नाही सांगितलंत? मघापासून नुसते मान डोलावताय नंदीबैलासारखे.

धरा. धरा हा रिमोट, 'नाही' दाबा. नाही म्हटलं ना. आता यादी परत आणा. मला एक सांगा, ह्यात शोधता येतं का? शब्दानं नाही, पण तुम्ही पुढे पळवत राहा, मी सांगते. ती तिकडून 'ये' म्हणू शकते तर मी इथून काही म्हणू शकत नाही का? तिला जमतं ते मला न जमायला काय झालं, ती माझ्याच पोटची आहे. मला एकच हवंय. 'थांब'. बातम्यांत थांबतंच काही ना काही. हां, गाड्या थांबल्या, हीच. हळू होतं ना ते? हळू लावा. असा? तळहात उभा? हे तर चौकातला पोलीस करतो. हे मी केलं तर त्याला वाटेल आई वाहतूक अडवतेय. नको, दुसरं बघा. वादळ. मागे वादळ आलं होतं, तेव्हा सारखं सांगत होते, बाहेर जाऊ नका, बाहेर जाऊ नका. ते लावा.

हं. परत. अहो, इतकं भरभर कसं करते ही — परत. यात 'बाहेर' कुठलं, 'जाऊ' कुठलं आणि 'नका' कुठलं? शेवटी बोट हलवलं ते 'नका' का? की ते आधी येतं? तुम्हालाही नाही कळत. घरात राहून कळलं नाही मला, तुम्हाला स्टुलावर बसून काय कळणार. मागे न्या. आता बोटं जुळली ती अशी, अंगठा आत — माझा वळत नाही तेवढा, संधिवात आहे. तिचा बघा कसा वळतो. लहानपणी पेटी शिकवली होती मी तिला.

आणि 'मला सोडून' कसं करतात? — वादळात नसणार ते. नसू दे. बाहेर जाऊ नकोस, एवढं केलं तरी समजेल तो. हसेल पहिल्यांदा. हसू दे.

मागे नेण्याचं बटण हे ना? आणि हळूचं हे. बास, कळलं. तुम्ही निघा आता, मघाचा फोन चुकून लागला होता म्हणून लिहून टाका कंपनीत. काय बघताय? निघा म्हटलं ना. कुणी बघत असलं की माझे हात चालत नाहीत. दार ओढून घ्या.